तोड्याची बंदूक

निवडणूक जाहीर झाली की आमच्या घरी उमेदवारांच्या आधी पोलीस ठाण्याचा निरोप येतो. हत्यार जमा करा. मग कुलपाच्या कपाटातून एक साडेचार फुटी बोचकं बाहेर निघतं, आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेलं, आणि मी ते आडवं घेऊन रिक्षात बसतो. रिक्षावाल्याने विचारलंच तर पडद्याची दांडी आहे म्हणून सांगतो. २०२४ साली ही पडद्याची दांडी दोनदा जाऊन आली. आधी लोकसभेला, मग विधानसभेला.

दुसऱ्या खेपेला टेबलाशी नवीन पोरगा होता. परवाना उलटापालटा केला, नोंदवही ओढली.

"प्रकार?"

"ठासणीची. एकनळी."

"काडतूस कुठलं लागतं?"

"काडतूस नाही. तोंडातून दारू ओतायची, वर छर्रे, आणि गजाने ठासायचं."

त्याने साडीचं टोक बाजूला केलं आणि दस्त्यावरची फुलं बघून जरा थांबला. "खरी चांदी आहे?"

"हो."

"चालते का?"

"१९७१ नंतर कुणी चालवलेली नाही."

"मग ठेवलीय कशाला, काका?"

मागे रांगेत तिघं उभे होते आणि उत्तर लांबलचक होतं. म्हटलं, असू दे हो. ते लांबलचक उत्तर आता इथे लिहितो.

आमचं मूळ घर ठाण्याच्या खारकर आळीत. माजघरातून ओटीवर येणाऱ्या दाराच्या वर दोन खुंट्यांवर ही बंदूक आडवी असायची. घरात तिला कुणी नुसतं बंदूक म्हणत नसे, 'तोड्याची बंदूक' म्हणत. आणि या नावावर आमच्या थोरल्या काकांनी एक अख्खा इतिहास उभा केला होता.

जुन्या मराठीत तोड्याची बंदूक म्हणजे जामगीची बंदूक. सुताची वळलेली दोरी सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवायची, ती धुमसत राहते, तोच तोडा. चाप ओढला की दोरीचं पेटतं टोक खाली येऊन कानातल्या, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक भोकातल्या, दारूला लागतं आणि बार उडतो. युरोपातून ही पद्धत गेल्यावरही आपल्याकडे ती फार काळ टिकली. काकांचं म्हणणं असं: बंदूक तोड्याची, म्हणजे जुनी; जुनी, म्हणजे पेशवाईतली; आणि आपलं घर ठाण्याचं, म्हणजे १७३७ ची. त्या वर्षी चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून ठाणं घेतलं. अंजूरच्या गंगाजी नाईकांनी त्यासाठी आधी किती खटपट केली, हे काका असं सांगत की जणू नाईक परवाच ओटीवर चहा घेऊन गेले. त्यांच्या माणसांत आमचा कुणी मूळपुरुष होता आणि त्याच्या खांद्यावर हीच बंदूक होती. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला तो किल्ला म्हणजे आजचं ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह. कळव्याच्या पुलाकडे जाताना त्याची भिंत लागली की मी शाळेतल्या मित्रांना सांगायचो, ही भिंत आम्ही घेतली.

काकांना इतिहासाची आवड होती. माणसाला आवड असली की पुरावा फारसा लागत नाही.

खंडेनवमीला बंदूक खुंट्यांवरून उतरायची. खोबरेल तेलाचं बोट लावलेल्या फडक्याने नळी पुसायची, चिंच आणि रांगोळी लावून चांदी उजळायची, पाटावर ठेवून हळदकुंकू आणि झेंडूची माळ. दस्त्याच्या दोन्ही बाजूंना चांदीच्या पत्र्याची अकरा फुलं होती, प्रत्येकी सहा पाकळ्यांची, बारीक चुकांनी लाकडात बसवलेली. आम्हा मुलांना ती मोजायला आवडायची. पूजा झाली की मोठ्यांची नजर चुकवून एकमेकांवर नेमही धरायचो. घोडा ओढायला दोन्ही अंगठे लागत. चुलतभावाने एकदा माझ्या कपाळावर नेम धरून चाप ओढला होता. खट्ट असा आवाज झाला आणि आम्ही पोट धरून हसलो. हा आवाज लक्षात ठेवा.

आजोबा गेल्यावर परवाना बाबांच्या नावावर व्हायचा होता. ते काम चालू असेपर्यंत बंदूक एका शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात जमा होती, चौदा महिने. परत आली तेव्हा नळीवर तांबेरा चढला होता आणि एक फूल नव्हतं. दुकानाचं नाव घेत नाही. त्यांनी पावती दाखवली, पावतीवर फक्त 'ठासणीची बंदूक, नग १' एवढंच होतं. फुलांचा आकडा कुठेच नव्हता, मग भांडायचं कशावर? बाबा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

तांबेरा काढायला म्हणून १९९८ च्या दिवाळीआधी बंदूक एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेली. हा माणूस पूर्वी बंदुका दुरुस्त करायचा, आता डोळ्यांमुळे बंद केलं होतं. त्याने चांदीच्या फुलांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पहिल्यांदा गज काढला, नळीत सोडला, तळाला टेकल्यावर नळीच्या तोंडाशी गजावर अंगठ्याच्या नखाने खूण धरली. मग गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून पाहिला. खूण जिथे यायला हवी होती तिच्या चार बोटं अलीकडे राहिली.

"भरलेली आहे," तो म्हणाला. जणू डबा भरलेला आहे असं सांगावं तसं.

बाबा म्हणाले, शक्य नाही. त्याने काही वाद घातला नाही. घोड्याखालचं निपल काढलं, कानातून पाणी सोडलं, आणि गजाच्या टोकाला एक मळसूत्री आकडा बसवून आत फिरवायला लागला. आधी काथ्याचा बोळा आला. मग जमिनीवर टपटप छर्रे पडले, मोजले नाहीत, मूठभर असतील. परत काथ्या. आणि शेवटी काळा ओला चिखल. सोरा, गंधक, कोळसा. कोरडी ठेवली तर ही दारू शंभर वर्षंही मरत नाही, तो म्हणाला. वर टोपी नव्हती म्हणून बरं. तांब्याची एवढीशी टोपी, करंगळीच्या नखाएवढी, ती निपलवर बसवलेली असती तर खट्टच्या जागी दुसरा आवाज आला असता.

येऊरच्या पायथ्याशी आमचं भाताचं शेत होतं आणि परवान्यावर कारण 'शेतीसंरक्षण' असं लिहिलेलं आहे. आजोबांनी १९७१ च्या कापणीला डुकरांसाठी बंदूक भरली असणार, डुकरं आली नसणार, आणि घरी आणून खुंट्यांवर ठेवली असणार. पुढच्याच वर्षी वन्यजीवांचा कायदा आला. पंचवीसेक खंडेनवम्या आम्ही भरलेल्या बंदुकीला हळदकुंकू वाहिलं, माझ्या पाळण्यापासून सहा हातांवर ती टांगलेली होती, आणि घरातल्या प्रत्येकाला फुलं किती ते तोंडपाठ होतं.

त्याच बैठकीत म्हाताऱ्याने काकांचा इतिहासही उलगडून ठेवला. नळी दस्त्याला धरून ठेवणारी लोखंडी पाचर हातोडीच्या दोन ठोक्यांत बाहेर काढली आणि नळी उचलून तिचं पोट आमच्याकडे केलं. एवढ्या वर्षांत ते पोट कुणी पाहिलं नव्हतं. ते लाकडात झाकलेलं असतं. तिथे तांबेरा नव्हता. दोन छोटे ठसे होते, नखाएवढे: एकमेकांवर फुली मारलेले दोन राजदंड आणि वर मुकुट.

"ही विलायती. बर्मिंगहॅमची."

हा ठसा बर्मिंगहॅमच्या तपासणीगृहाचा. नळी विकण्याआधी तिच्यात नेहमीपेक्षा बरीच जास्त दारू भरून बार काढायचा, फुटली नाही तर ठसा मारायचा. ते गृह ब्रिटिश संसदेच्या कायद्याने १८१३ साली सुरू झालं. म्हणजे नळी त्यानंतरची. काका (ते तेव्हा हयात होते, आणि सोबत आले होते) म्हणाले, नळी नंतर बदलली असेल. म्हाताऱ्याने कळीची पट्टी दाखवली, घोडा जिच्यावर बसवलेला असतो ती. गारेची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी, बंदूक टोपीची करून घेतलेली असेल तर पट्टीवर जुन्या स्क्रूंची भोकं बुजवलेली दिसतात. इथे एकही नव्हतं. ही जन्मापासून टोपीची.

आणि टोपीचा शोध तर त्याहून अलीकडचा. स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या पाद्र्याला पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. गारेच्या बंदुकीत आधी बाहेर ठिणगी आणि जाळ दिसतो, मग बार उडतो. तेवढ्यात पक्षी सावध होऊन पळत. पाद्रीबुवांनी ठोका बसला की पेट घेणाऱ्या रसायनाची युक्ती काढली आणि १८०७ साली पेटंट घेतलं. तांब्याच्या टोप्या त्याच्यानंतरच्या. तोवर ठाणं इंग्रजांकडे जाऊन अर्धशतक होत आलं होतं. चिमाजी अप्पांच्या माणसाच्या खांद्यावर दुसरी कुठली बंदूक असेल तर असेल, ही नव्हती.

काका परतताना लोकलमध्ये खिडकीबाहेर बघत बसले. मुलुंड गेल्यावर म्हणाले, "नाव मग तोड्याची कसं?" याला कुणाकडे उत्तर नव्हतं.

त्या दिवसापासून मला नक्षीच्या बंदुका बघायचं वेड लागलं आणि बघायची पद्धतही बदलली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे, अकबराचं चिलखत आणि ढाल तिथेच आहे. तिथे लोक काचेशी नाक लावून सोन्याची वेल बघतात. मीही बघतो, खोटं कशाला बोलू. कोफ्तगिरीचं काम जवळून पाहिलं की माणूस हलत नाही. पोलादाच्या पृष्ठभागावर छिन्नीने बारीक उभ्याआडव्या रेघा मारून तो खरखरीत करायचा, त्यावर सोन्याची केसासारखी तार ठेवून हातोडीने ठोकायची. रेघा तारेला दातांसारख्या धरून ठेवतात. वितळवणं नाही, चिकटवणं नाही. पण बघून झालं की मी आता वाकून नळीचं पोट दिसतंय का ते पाहतो. बहुतेक ठिकाणी दिसत नाही. रखवालदार मात्र बघतात माझ्याकडे.

अकबराला हे कळलेलं होतं असं वाटतं. त्याच्या आवडत्या बंदुकीला नाव होतं, संग्राम. १५६८ साली चितोडच्या वेढ्यात जयमल राठोडला गोळी लागली ती याच बंदुकीची, असं अबुल फझल लिहितो. पण 'आईन-ए-अकबरी'त मला त्याहून आवडलेला भाग वेगळा आहे. लोखंडाचा पत्रा तिरका पीळ देत सुरळीसारखा गुंडाळून, घड्या तापवून एकजीव करून नळी कशी करायची ते त्याने लिहिलंय, आणि तयार बंदुकीवर काय काय कोरायचं तेही: लोखंडाचं वजन, ते कुठून आणलं, कारागीर कोण, कुठे बनवली, तारीख आणि क्रमांक. रत्नांची यादी नाही. आमच्या दुकानदाराने पावतीवर याच्या निम्मं लिहिलं असतं तरी अकरावं फूल गेलं नसतं.

पिळाची नळी आमचीही आहे. तांबेरा निघाल्यावर तिच्यावर अंगठ्याच्या ठशासारख्या फिक्या-गडद वळ्या उमटल्या. इंग्लंडात अशा नळ्यांसाठी घोड्यांच्या नालांचे झिजलेले खिळे गोळा करत. रस्त्यावर आपटून आपटून ते लोखंड चिवट झालेलं असतं असा समज होता. आमची त्यातलीच आहे का ते मला सांगता येणार नाही. पण खिळ्यांची गोष्ट मला सोन्याच्या वेलीपेक्षा जास्त आवडते.

नक्षीत टिपू सुलतानाचा हात धरणारा विरळा. त्याच्या श्रीरंगपट्टणच्या कारखान्यातल्या बंदुकांवर वाघाच्या पाठीवरचे पट्टे असतात, नळीच्या तोंडाशी वाघाचा जबडा, काहींचा घोडासुद्धा वाघ. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, शिलेखाना लुटला गेला आणि हे वाघ जहाजांतून विलायतेला गेले. २०१५ साली लंडनच्या एका लिलावात टिपूच्या शस्त्रांचा एकच संग्रह ६० लाख पौंडांच्या वर गेला. ज्या पट्ट्यांनी शत्रूला धडकी भरायची, त्यांनीच पुढे बोली वाढली.

नेपोलियनची जोडी मात्र मी विसरू शकत नाही. २०२४ च्या जुलैत फ्रान्समध्ये फोंतेनब्लोला त्याची दोन पिस्तुलं सुमारे १७ लाख युरोंना विकली गेली. गोसे नावाच्या पॅरिसच्या कारागिराने केलेली, सोन्याचांदीने मढवलेली, वर बादशहाची स्वतःची मुद्रा. १८१४ मध्ये पराभव झाल्यावर फोंतेनब्लोच्याच राजवाड्यात त्याने ही पिस्तुलं स्वतःवर चालवायचं ठरवलं होतं म्हणतात. त्याचा अश्वशाळेचा अधिकारी कोलँकूर याने आधीच त्यातली दारू काढून टाकली होती. नेपोलियनने मग विष घेतलं, ते उलटून पडलं, तो वाचला आणि पिस्तुलं कोलँकूरलाच देऊन टाकली. लिलावाच्या तोंडावर फ्रेंच सरकारने ती राष्ट्रीय ठेव ठरवून देशाबाहेर न्यायला मनाई केली. आमच्या घरी सगळं नेमकं उलटं झालेलं. तिथे सगळे भरलेली समजत होते ती रिकामी होती.

नक्षी नसलेल्या बंदुका तर वेगळाच प्रकार. बिली द किड या अमेरिकेतल्या कुख्यात गुंडाला ज्याने मारलं त्या शेरीफ पॅट गॅरेटचं साधं कोल्ट रिव्हॉल्वर २०२१ मध्ये ६० लाख डॉलरला गेलं. त्यावर सोन्याचा कण नाही. पण अमेरिकेपर्यंत कशाला जायचं? ज्या भिंतीबद्दल मी शाळेत फुशारकी मारायचो, तिच्याच आत १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिलं. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर कान्हेऱ्यांनी ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या वीस ब्राउनिंगांपैकी ते एक. चतुर्भुज अमीन नावाच्या माणसाने ती पेटीच्या चोरकप्प्यातून आणली होती. कारखान्यात हजारोंनी निघणारा माल, काळा, चपटा, खिशात मावणारा. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. मला 'ती भिंत आम्ही घेतली' हे आठवलं की आता कानशिलं गरम होतात.

भगतसिंगांचं पिस्तूलही तसलंच साधं, पॉइंट ३२ चं अमेरिकन कोल्ट. १९२८ ला साँडर्सवर चालवलेलं. ते वर्षानुवर्षं इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात इतर हत्यारांमध्ये पडून होतं, गंजू नये म्हणून वर काळा रंग फासलेला. हे कुणाचं ते कुणालाच ठाऊक नाही. २०१६ च्या सुमारास शोधाशोध झाली, रंग खरवडला, आणि खाली क्रमांक निघाला: १६८८९६. जुन्या खटल्याच्या कागदांतलाच. संग्रहालयातलं हत्यार ओळखलं गेलं ते सहा आकड्यांवरून, आणि ते आकडे रंगाखाली शाबूत होते. हे वाचलं तेव्हा मी कपाट उघडून आमच्या बंदुकीची पाचर काढली आणि मुकुट पुन्हा एकदा पाहून घेतला. बायको म्हणाली, रात्रीचे साडेअकरा वाजलेत.

नावाचं कोडं सुटलं ते काका गेल्यानंतर. धाकटी आत्या नौपाड्यात राहते, आता शहाऐंशीची आहे. दिवाळीत तिच्याकडे वालाचं बिरडं खायला गेलो होतो, बोलता बोलता बंदुकीचा विषय निघाला. मी तिला मुकुट, राजदंड, टोप्या सगळं ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"पेशवाईतली कुठली रे? माझ्या आजोबांनी ती एका पारश्याकडून घेतली. त्याची वाडी होती घोडबंदरच्या वाटेवर. फुलंबिलं काही नव्हती तिच्यावर, काळं ढुस्स लाकूड."

"मग फुलं?"

"आजीचे तोडे."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. पेटती जामगी डोळ्यांसमोर इतकी घट्ट बसली होती की पायातले तोडे आठवायला वेळ लागला.

गौरीविसर्जनाला माझी पणजी मासुंदा तळ्याच्या पायऱ्या उतरली. एका तोड्याचा पेच सैल होता, तो पाण्यात निसटला. कुणी बुडी मारली, कुणी बांबू फिरवला, मिळाला नाही. घरी आल्यावर तिने दुसराही काढून ठेवला. एका पायात तोडा घालून कोण फिरतं? मोडीत घालायला तिचा जीव होईना आणि नवीन जोड करायला पैसे नव्हते. त्या वर्षी पणजोबांनी डुकरांपासून पीक वाचवलं होतं, तर त्यांनीच सोनाराकडे नेऊन त्या एका तोड्याचा पत्रा काढला आणि फुलं करून दस्त्यावर ठोकवून आणली. त्यांना वाटलं ती खूश होईल.

"झाली का?"

"छे. बोलली नाही महिनाभर. पण दसऱ्याला चांदी उजळायची ती तिनेच, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. 'माझ्या तोड्याची बंदूक काढा रे,' असं म्हणायची. तेच नाव पडलं." आत्याने माझ्या पानात आणखी बिरडं वाढलं. "दादाला मी एकदा सांगितलं होतं. त्याला चिमाजी अप्पाच हवे होते."

विधानसभेच्या निकालानंतर बंदूक आणायला गेलो तेव्हा टेबलाशी तोच पोरगा होता. पावतीवर सही करण्याआधी मी साडी सोडली आणि फुलं मोजली. दहा. जमा करताना मी हट्टाने त्याच्याकडून लिहून घेतलं होतं: 'दस्त्यावर चांदीची फुले, नग १०'. त्याने नोंदवहीतली ओळ दाखवली आणि तोही मोजायला वाकला. एकाची पाकळी वाकली होती, ती त्याने नखाने हळूच दाबून सरळ केली.

तिथून परस्पर नौपाड्यात गेलो. आत्याने बोचकं मांडीवर घेतलं, फुलांवरून बोट फिरवलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मासुंद्याचा गाळ काढल्याची बातमी आली की ती हाच प्रश्न विचारते, आणि आली नाही तरी विचारते.

"तळ्यातला सापडला का रे?"